चूकभूल द्यावी घ्यावी : सात रुपयांचा इतिहास

आजचा भाग सात रुपयांवर आहे, आणि सात रुपयांच्या मानाने तो बराच लांबणार आहे.

नागपूरहून एका ताईंचा प्रश्न आला. घराजवळच्या सुपरमार्केटातून त्यांनी कपडे धुण्याच्या पावडरीचं पाकीट आणलं. पाकिटावर छापील किंमत ११० रुपये, रॅकवरच्या पट्टीवर ‘आमची किंमत ९२’, आणि घरी येऊन बिल पाहिलं तर ९९. दुसऱ्या दिवशी त्या बिल घेऊन गेल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, एमआरपीपेक्षा कमीच तर लावलं ना.” मागे रांग लागलेली. ताई मुकाट्याने परत आल्या. घरी भाचा म्हणतो, “मावशी, सोडायचं नाही. पट्टीचा फोटो काढ, दहा पाकिटं घे आणि नुकसानभरपाई माग.”

इथवर सगळं नेहमीचंच. पण ताईंनी पुढे लिहिलंय, की दोन महिन्यांपूर्वी त्याच दुकानात तुपाची एक बरणी बिलात यायची राहून गेली होती. घरी आल्यावर लक्षात आलं, आणि त्या गप्प बसल्या. “मग आता सात रुपये मागायचं तोंड मला आहे का?”

वकिलाला विचारलं तर तो म्हणेल, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरोबरच आहे त्याचं. पण मला हा प्रश्न इतिहासाचा वाटला, कारण आपल्याकडच्या बिलांच्या तळाशी एक ओळ असायची जी या दोन गोष्टींना वेगळं मानत नव्हती.

चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. नागपूरच्या बाजारात ही ओळ दोन भाषांत भेटते. महालातल्या मराठी दुकानदाराच्या कागदावर मराठीत, आणि इतवारीत गेलात की ‘भूल चूक लेनी देनी’. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर नाव लिहावं इतक्या सवयीने ती लिहिली जायची, म्हणून तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. इंग्रजी पद्धतीच्या बिलावर तिच्या जागी ‘ई. अँड ओ. ई.’ असतं. ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’, म्हणजे चुका आणि राहून गेलेल्या बाबी वगळून. दोन्ही ओळी एकच काम करतात असं आपण धरून चालतो. पण इंग्रजी ओळ बिल लिहिणाऱ्याला सांभाळते: आकडा चुकला असेल तर त्याला धरून बसू नका. मराठी ओळीत देणंही आहे आणि घेणंही. माझ्याकडून जास्त लागलं असेल तर परत न्या, कमी लागलं असेल तर आणून द्या.

हे शक्य व्हायचं कारण व्यापारी फार साधुसंत होते असं नाही. खातं चालू असायचं, हे खरं कारण. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी, नागपूरच्या वस्त्यांना वारांची नावं आहेत ती बाजारांवरून. ठरलेल्या वारी तोच माणूस त्याच दुकानी. महिन्याची उधारी, रोजकीर्दीत नोंद, तिथून खतावणीत. या महिन्यात चार आणे जास्त लागले तर पुढच्या महिन्यात वळते. चूक दुरुस्त करायला रांगेत उभं राहून भांडावं लागत नव्हतं, कारण हिशेब कधी बंदच होत नव्हता. सुपरमार्केटचं बिल मात्र छापलं जातं त्याच क्षणी बंद होतं.

थोडं आणखी मागे जाऊ या. खरेदी-विक्री झाल्यावर मागे फिरता येतं का, हा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या कायद्यांत स्वतंत्र प्रकरण म्हणून येतो. नाव आहे क्रयविक्रयानुशय. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. कौटिल्य व्यापाऱ्यांना एका रात्रीची मुदत देतो, शेतकऱ्यांना तीन रात्रींची, गुराख्यांना पाच. मनुस्मृतीत दहा दिवस आहेत, आणि ते विकणाऱ्यालाही आहेत आणि घेणाऱ्यालाही. नारदाचा हिशेब आणखी बारीक: वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर पूर्ण पैसे, दुसऱ्या दिवशी तिसावा हिस्सा कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि नंतर वस्तू घेणाऱ्याचीच. याज्ञवल्क्याने तर पारखून घ्यायच्या मुदती वस्तूवार दिल्या आहेत. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात. याच यादीत दास आणि दासींच्याही मुदती आहेत, तेव्हा तो काळ फार न्यायाचा होता असं म्हणायला मी धजावणार नाही. मला त्यातून एवढंच उचलायचंय की सौद्यात झालेली चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे तिथे गृहीत आहे.

आता किमतीकडे. वस्तूला एकच ठरलेली किंमत असते हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ती कल्पना अलीकडची आहे हे विसरायला होतं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी घासाघीस नाकारली. त्यांचं म्हणणं, पाचला द्यायची वस्तू आठ सांगून सुरुवात करणं म्हणजे खोटं बोलणं. आधी गिऱ्हाईक बिचकलं. मग लोकांच्या लक्षात आलं की या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी तोच भाव लागतो, आणि त्यांचा धंदा वाढला. पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तीद बूसिको या गृहस्थाने बाँ मार्शे दुकानात वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या आणि माल परत घ्यायचीही सोय ठेवली. आपल्याकडे ‘एकच भाव’ या पाटीचा अर्थ तोच. म्हणजे किमतीची चिठ्ठी ही मुळात दुकानदाराने दिलेली जबान आहे. तिथे ९२ लिहिलं आणि आत ९९ घेतले, तर फरक सातच रुपयांचा आहे हे खरं, पण पोराला दुकानात पाठवता येईल हा भरवसा त्यात जातो.

भाच्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण चुकीच्या किमतीतून कमाई करायची कल्पना त्याची नवी नाही. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे होते ते शंभर नये पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे. पण पाव पैशाचं नाणंच नाही. म्हणून सरकारने तक्ता दिला: एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आता बघा. एक आण्याची वस्तू चार वेळा सुटी घेतली तर चोवीस पैसे, चारही एकदम घेतल्या तर पंचवीस. सोळा वेळा सुटी घेतली तर रुपयात चार पैसे वाचले. उलट तीन आण्याच्या वस्तूला पाव पैसा दुकानदाराच्या गल्ल्यात जास्त. यात लबाड कुणीच नव्हतं, चूक तक्त्यातच होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. पाव पैशासाठी सोळा खेपा घालणाऱ्याला तुम्ही चोर म्हणाल का? मी नाही म्हणणार. पण दुकानदार त्याच्याकडे कसा बघत असेल, ते मला दिसतं.

मग आली छापील किंमत. १९७७ च्या नियमांनी बंद पाकिटावर वजन, किंमत, उत्पादकाचं नाव छापणं बंधनकारक झालं, पण ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहायची मुभा होती. त्या तीन शब्दांत किती पैसे मावतात हे तेव्हाच्या गिऱ्हाइकाला विचारा. १९९० मध्ये ती फट बुजवली आणि ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ आली. याच काळात बिंदुमाधव जोशींनी पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायत आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत ग्राहकाला संघटित करत होत्या. मुंबईत तर शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवायची. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे, जुलै २०२० पासून लागू.

एमआरपीचं भांडण नागपूरलाही चांगलं गाजलं. जुलै २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपुरात भरलं होतं, आणि मल्टिप्लेक्समधली महागडी पाण्याची बाटली थेट विधान परिषदेत पोचली. एकाच वस्तूच्या दोन एमआरपी चालणार नाहीत, असं राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी सांगितलं. तसा केंद्राचा नियम त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून लागूच होता. त्याच्या आधी महिनाभर, डिसेंबर २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना मात्र सूट दिली होती: तिथे तुम्ही नुसतं पाणी विकत घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेता.

पण या सगळ्या लढाईचा एक दुष्परिणाम झाला असं माझं मत आहे. एमआरपी ही कमाल मर्यादा. तिच्या वर गेलात तर वैधमापनशास्त्र विभाग दंड करतो. त्यामुळे तिच्या खाली काहीही लावलं तरी चालतं, अशी समजूत पक्की झाली. काउंटरवरची ती मुलगी खोटं बोलत नव्हती, तिला तेच शिकवलेलं असणार. प्रत्यक्षात ग्राहक कायदा एमआरपीपाशी थांबत नाही. दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं हे त्यात तक्रारीचं कारण आहे, आणि किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ९२ ची पट्टी लावून ९९ घेतले तर ११० चा आकडा पाकिटावर असून काही उपयोग नाही. तक्रारीला जागा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा आयोगाकडे फीसुद्धा लागत नाही. नागपुरात आयोग सिव्हिल लाईन्समध्ये आहे, बर्डीहून लांब नाही. अर्थात सात रुपयांसाठी तिथपर्यंत कोण जातं? मथुरेचे एक वकील गेले. रेल्वेने १९९९ मध्ये सत्तर रुपयांच्या दोन तिकिटांचे नव्वद घेतले. शंभराहून अधिक तारखा झाल्या, आणि २०२२ मध्ये वीस रुपये बारा टक्के व्याजासकट परत करायचा आणि वर पंधरा हजार द्यायचा आदेश झाला.

तर पट्टी आणि बिल यांच्यात फरक पडतो कसा? २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ट्रॉय गावात ६७ सेंटांचं च्युइंगमचं पाकीट बारकोड वाचून विकलं गेलं, आणि त्या दिवसापासून किंमत पाकिटावरून निघून यंत्रात गेली. आता दुकानात किंमत दोन ठिकाणी राहते. एक कॉम्प्युटरमध्ये, जी मुख्य कार्यालयातून बदलता येते. दुसरी रॅकवरच्या कागदी पट्टीवर, जी कुणीतरी पोरगा हाताने बदलतो. ऑफर संपली, कॉम्प्युटर बदलला, पोरगा त्या रॅकपर्यंत पोचला नाही, की झाले सात रुपये. बहुतेक वेळा एवढंच असतं. पण अशी चूक एकट्या ताईंना लागत नाही. पट्टी तिथे आहे तोवर पाकीट उचलणाऱ्या प्रत्येकाला लागते, आणि बिल वाचणारे त्यात थोडेच. ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, ज्याला वाचता येत नाही, जो पोराला कडेवर घेऊन पैसे मोजतोय, तो भरतच राहतो.

म्हणून काही ठिकाणी चूक पकडणाऱ्याला बक्षीस ठेवलं. मिशिगन राज्यात फरकाच्या दहापट, किमान एक आणि कमाल पाच डॉलर. कॅनडात २००२ पासून मोठ्या दुकानांनी स्वतःहून नियम घालून घेतला: स्कॅनर चुकला तर दहा डॉलरपर्यंतची वस्तू फुकट, महाग असेल तर दहा डॉलर कमी. मग साहजिकच बिलं तपासत हिंडणारे लोक तयार झाले. त्यांना ‘हावरट’ म्हणणं सोपं आहे. मला ते फुकटचे निरीक्षक वाटतात. सरकारी निरीक्षकाला पगार मिळतो, यांना डबा मिळतो. पण भाच्याने ऐकावं: दोन्ही ठिकाणी एकाच वस्तूचे दहा नग घेतले तर बक्षीस एकाच नगाला, बाकीच्यांचा फक्त फरक परत. नियम करणाऱ्यांनाही तुझ्यासारखे भाचे होते. आपल्या कायद्यात असं ठरावीक बक्षीस नाहीच, आणि १९८६ च्या कायद्यात तर कलम २६ खाली खोडसाळ तक्रारीला दहा हजारांपर्यंत भुर्दंड होता. चूक माहीत असताना दहा पाकिटं उचलणारा माणूस ‘माझी फसवणूक झाली’ कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याची झालेलीच नाही.

आता तुपाची बरणी. ग्राहक कायदा इथे गप्प आहे, तो गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिलेला आहे आणि तसाच असायला हवा. पण १८७२ चा करार कायदा अजून लागू आहे, आणि त्याचं कलम ७२ सांगतं की चुकीने पैसे मिळाले किंवा वस्तू मिळाली, तर ज्याला मिळाली त्याने ती परत करावी. पैसे आणि वस्तू, दोन्ही. माझ्या वाचनात बिलातून सुटलेली बरणी सरळ त्यात बसते, आणि जास्त घेतलेले सात रुपयेही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी लिहिलेलं हे कलम आपल्या बिलाच्या तळाच्या ओळीशी त्यांच्या स्वतःच्या ‘ई. अँड ओ. ई.’पेक्षा जास्त जुळतं, याची मला गंमत वाटते.

“एवढ्या मोठ्या कंपनीला एका बरणीने काय होतं?” हा युक्तिवाद मी खूप ऐकतो. कंपनीला काही होत नसेलही. पण १९३६ च्या वेतन कायद्यापासून एक तरतूद आहे: कामगाराच्या ताब्यातला माल किंवा हिशेबातले पैसे त्याच्या हलगर्जीपणाने गेले, तर पगारातून कापता येतात. पट्टीची चूक यंत्रणेची असते, तिचा भार कुणा एकावर नाही. बरणी स्कॅन करायची राहिली ती मात्र एका माणसाच्या हातून, आणि बिलावर काउंटरचा नंबर असतो. म्हणून बिल कमी लागलं तर मी स्वतः तिथल्या तिथे सांगतो. ताईंना दोन महिने झालेत. त्यांनी कस्टमर डेस्कवर जाऊन बरणीचं नाव सांगावं, त्या दिवशीच्या भावाने पैसे भरावेत, आणि जुनं बिल दाखवू नये. काउंटर कुठला, कोण होतं, आठवत नाही म्हणावं. एवढं खोटं क्वेकरांना चाललं नसतं, मला चालतं.

आणि त्याच फेरीत सात रुपये मागावेत. बरणीमुळे तो हक्क गेला असं मला बिलकुल वाटत नाही. उलट दोन्ही एकदम केलं तर बोलणं सोपं जाईल. पण सात रुपये घेऊन गप्प परत येऊ नये. ती पट्टी आपल्यासमोर बदलून घ्यावी, मागची रांग कितीही कुरकुरली तरी. त्या रांगेतल्याच कुणाच्या तरी पिशवीत ते पाकीट आहे.

कारण एकदा गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की त्याला शोधून पैसे परत करणं सरकारलाही जमलेलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याचा लाभ गिऱ्हाइकाला पोचवला का, हे बघायला नफेखोरीविरोधी प्राधिकरण होतं. हिंदुस्थान युनिलिव्हरने स्वतःहूनच ११९ कोटी भरायची तयारी दाखवली होती. प्राधिकरणाने डिसेंबर २०१८ मध्ये हिशेब केला ३८३ कोटींचा, आणि कंपनीने त्याला कोर्टात आव्हान दिलं. मुद्दा रकमेचा नाही. साबणाची वडी कुणी घेतली हे कुणालाच माहीत नाही, म्हणून असे पैसे ग्राहक कल्याण निधीत जमा करायचे, अर्धे केंद्राच्या, अर्धे राज्याच्या. वडी घेणाऱ्याच्या हाती एक रुपयाही येत नाही.

पुढच्या भागात शेर आणि पायलीकडून किलोकडे जाऊ. १९५८ ते १९६२ या चार वर्षांत दोन्ही मापं दुकानात शेजारी शेजारी होती, आणि शेर किलोपेक्षा ६७ ग्रॅमने लहान. त्यात कुणाचं किती गेलं, ते बघू. विदर्भातल्या श्रोत्यांकडे त्या वर्षांची किराण्याची बिलं किंवा वह्या असतील तर फोटो पाठवा. मोडीत असली तरी चालतील. फक्त फोटो काढताना कागदाची तळाची ओळ कापू नका.